गोळी पाठवणारी पोरं

मागचे तीन विकांत सांगलीच्या एका हॉस्पिटलात गेले. आई आता बरी आहे, घरी आली आहे, त्यामुळे मी चिडायला मोकळा झालोय. पण चिडणार कुणावर? या कथेतला व्हिलन बराचसा मीच निघालो. आणि माफ करा मंडळी, हे वाचणारे तुमच्यातले निम्मेअधिक.

आईला बारा वर्षांपासून डायबेटिस. मी हिंजवडीत. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी काय भेट दिली? फुल बॉडी चेकअपचं पॅकेज! (साडी घेतली असती तर बरं झालं असतं.) रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. लघवीत पस सेल्स ८-१०, तेही ठळक अक्षरात. आईला त्रास शून्य होता. जळजळ नाही, ताप नाही, कंबर दुखत नाही. पण वॉर्निंग दिसली की ती घालवायची, ही आपली धंद्यातली खोड. जालावर अर्धा तास वाचलं, सांगलीतल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला फोन केला, आणि ओफ्लॉक्सॅसिन घरपोच. पोराचं केवढं लक्ष आहे बघा आईकडे!

त्या आठवड्यात आईला दोनदा दरदरून घाम आला, हातपाय थरथरले. आम्ही खापर एकादशीवर फोडलं. ओफ्लॉक्सॅसिनच्या जातकुळीतली औषधं डायबेटिसच्या गोळ्यांबरोबर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला होता, हे मला आत्ता, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून कळलं.

चार महिन्यांनी खरंखुरं इन्फेक्शन झालं. जळजळ, सारखं जावंसं वाटणं. मी पुन्हा तीच गोळी पाठवली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग मेडिकलवाल्यानेच 'जरा स्ट्राँग' म्हणून सेफिक्झिम दिलं. २०१४ पासून लागू असलेल्या एच-वन यादीत हे औषध आहे. ते विकताना वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं असा नियम आहे. आमच्या वेळी रजिस्टरात कुठल्या डॉक्टरचं नाव लिहिलं असेल, देव जाणे.

पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, उलट्या, साखर चारशेच्या वर. इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचलं होतं.

कल्चरचा रिपोर्ट आला तो मी एखादी लॉग फाईल वाचावी तसा वाचला. जंतू ई. कोलाय, पुढे औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. आर, आर, आर, आर... खाली एका नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस दिसला. मी उत्साहाने म्हणालो, "डॉक्टर, ही गोळी चालतेय की!" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ती गोळी लघवीत साठते, किडनीच्या मांसात पोचत नाही. मूत्राशयापुरतं इन्फेक्शन होतं तेव्हा तिचा उपयोग होता. तेव्हा कल्चर का केलं नाहीत?" बाबा अगदी सहज म्हणाले, "अहो, औषध मुलगाच पाठवतो."

मग रोज शिरेतून इर्टापेनेम. कार्बापेनेम गटातलं औषध, म्हणजे जवळजवळ शेवटच्या फळीतलं.

आता जे मला आधी कुणीतरी कानफटात मारून सांगायला हवं होतं ते सांगतो. लघवीत इन्फेक्शन करणारा ई. कोलाय बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो. आपण अँटिबायोटिक घेतो तेव्हा ते आतड्यातल्या साध्यासरळ जंतूंनाही मारतं, आणि जागा मोकळी होते ती औषधाला न जुमानणाऱ्यांना. पुढचं इन्फेक्शन त्यांच्यातून येतं. वर हे जंतू औषध निकामी करणारी जनुकं एकमेकांना चक्क कॉपी-पेस्ट करून देतात, कधीकधी चार औषधांविरुद्धची एकाच पाकिटात. डायबेटिसमध्ये लघवीतून साखर जाते, नसा दुबळ्या झाल्या की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणजे इन्फेक्शन वारंवार, म्हणून अँटिबायोटिक वारंवार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात डायबेटिसचे १०.१ कोटी लोक आहेत. करा गुणाकार.

आणि त्या पहिल्या पस सेल्सचं काय? काहीच करायचं नव्हतं! डायबेटिस असलेल्या, लघवीत जंतू सापडलेल्या पण कसलाही त्रास नसलेल्या स्त्रियांना अँटिबायोटिक देऊन बघितल्याचा अभ्यास २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. पुढची त्रासदायक इन्फेक्शन्स त्याने कमी झाली नाहीत. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे अपवाद सोडले तर त्रास नसताना नुसता रिपोर्ट बरा करायचा नसतो. मी बरोब्बर तेच केलं. चालू सिस्टिममध्ये उगाच बोट घातलं.

एनडीएम-वन आठवतं? २०१० मध्ये त्या नावावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, 'नवी दिल्ली' हे नाव जंतूच्या एन्झाईमला कसं दिलं म्हणून. तो एन्झाईम पहिल्यांदा सापडला २००८ मध्ये, स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका मूळ भारतीय रुग्णाच्या लघवीतल्या जंतूत. इथल्या हॉस्पिटलांत उपचार घेऊन ते परतले होते. आणि हो, त्यांना डायबेटिस होता. आईला दिलं त्या कार्बापेनेमलाच हा एन्झाईम निकामी करतो. आपण भांडलो नावावरून!

हापिसात हे सांगितलं तर मित्र म्हणाला, "कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर पेशंटने कळ सोसायची का?" नाही रे बाबा. आधी नमुना द्यायचा, मग डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, रिपोर्ट आला की बदलतात. क्रम एवढाच उलटा करायचा आहे. खर्चाचं म्हणाल तर खेड्यात लॅबच नाही हे मान्य, तिथे माझा शहाणपणा गप्प. पण आमच्या घरापासून लॅब दोन गल्ल्या पलीकडे होती आणि कल्चरचे घेतले साडेसहाशे रुपये. आपण शनिवारी पिझ्झावर यापेक्षा जास्त उडवतो. केरळने २०२४ पासून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्यांवर छापे घालायला सुरुवात केली. आपल्याकडेही व्हायला हवं, पण छापा मेडिकलवर पडेल. फोन करणाऱ्या माझ्यावर कोण घालणार?

गेल्या रविवारी आईचा औषधांचा डबा आवरला. श्रीखंडाचा जुना डबा आहे तो. तळाशी ओफ्लॉक्सॅसिनच्या चार गोळ्या, अर्धी सेफिक्झिमची स्ट्रिप आणि अझिथ्रोमायसिनच्या दोन. "अझिथ्रोमायसिन कुणाचं गं?" मी विचारलं. "शेजारच्या काकूंना द्यायला ठेवलंय," आई म्हणाली, "त्यांना परवापासून जळजळतंय. तूच मागे सर्दीला पाठवलं होतंस ना?"