शेजाऱ्याचा आकडा आणि आपला अंधार

भारतातून फोन आला आणि बोलणं विजेवर घसरलं की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्याकडे बरंय बाबा, सगळं खासगी, लाईट जातच नाही!" या वाक्यात दोन चुका आहेत आणि मला दोन्हींचा आता कंटाळा आलाय. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पहिली चूक सोपी आहे. इथेही लाईट जाते. २६ नोव्हेंबर २०२१ ला आर्वेन नावाचं वादळ आलं, तेव्हा ब्रिटनमधल्या जवळजवळ दहा लाख घरांची वीज गेली आणि त्यातली चारेक हजार घरं आठवड्याहून जास्त काळ अंधारात होती. नोव्हेंबरअखेरच्या थंडीत, बरं का. म्हणजे वीज नाही आणि बहुतेकांकडे घर तापवायची सोयही नाही.

दुसरी चूक जास्त घातक आहे. रीडिंगमध्ये मी विजेचं बिल कुठल्या कंपनीला भरायचं हे मला निवडता येतं, हे खरं. पण माझ्या घरापर्यंत आलेली तार एकाच कंपनीची आहे. थेम्सच्या या खोऱ्यात ती स्कॉटिश अँड सदर्न इलेक्ट्रिसिटी नेटवर्क्सची. ती आवडली नाही तर दुसरी तार मिळत नाही. मक्तेदारी म्हणजे मक्तेदारी, मालक सरकार असो नाहीतर शेअरहोल्डर. तेव्हा प्रश्न मालक कोण हा नाहीच. तार ज्याच्या हातात आहे त्याने ती कशी चालवायची हे नियम कोण मंजूर करतं, कोणाला विचारून मंजूर करतं आणि मंजूर झालेला नियम मोडला तर काय होतं, हा प्रश्न आहे.

इथली रीत अशी. वितरण कंपनीच्या लायसन्समध्येच अट आहे की तिने डिस्ट्रिब्युशन कोड पाळला पाहिजे आणि तो कोड ऑफजेम या नियामकाने मंजूर केलेला असला पाहिजे. कोडात काहीही बदलायचं तर आधी समितीपुढे मांडा, मसुदा सगळ्यांपुढे ठेवा, आलेल्या हरकती जोडून अहवाल नियामकाकडे पाठवा, मग तो हो किंवा नाही म्हणणार आणि का ते पत्रात लिहिणार. पत्र कोणालाही वाचता येतं. (वाचायला भयंकर रटाळ असतं. रटाळ असणं हा त्याचा गुणच आहे.)

आता ९ ऑगस्ट २०१९ ची गोष्ट ऐका. संध्याकाळी चार बावन्नला लंडनच्या उत्तरेला वीज कोसळली, पाठोपाठ हॉर्नसी हे समुद्रातलं पवनऊर्जा केंद्र आणि लिटल बारफर्डचं गॅसवर चालणारं केंद्र बंद पडलं. फ्रीक्वेन्सी ५० वरून ४८.८ वर आली आणि नियमाप्रमाणे वितरण कंपन्यांच्या रिलेंनी आपोआप सुमारे ११ लाख ग्राहक तोडले. पाऊण तासाच्या आत सगळ्यांची वीज परत आली. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या अडकलेल्या लोकल गाड्या. माझ्या लक्षात राहिलं ते पुढच्या जानेवारीत आलेलं ऑफजेमचं निकालपत्र. दोन्ही वीजकेंद्रांच्या मालकांनी प्रत्येकी ४५ लाख पौंड भरले, ते समजण्यासारखं आहे. पण यूके पॉवर नेटवर्क्स या वितरण कंपनीनेही १५ लाख पौंड भरले. का? तर ग्रिड सांभाळणाऱ्याचा हुकूम येण्याआधीच तिने काही ग्राहकांची वीज परत सुरू केली होती!

परत वाचा. वीज घालवली म्हणून नाही, वीज लवकर दिली म्हणून. त्या दिवशी त्याने काही बिघडलं नाही. पण फ्रीक्वेन्सी सावरलेली नसताना प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा बटण दाबलं तर सगळा ग्रिड झोपतो, म्हणून नियम आहे. नियम मोडला म्हणून पैसे. आपल्याकडे एखाद्या वितरण कंपनीने "आम्ही लवकर वीज दिली" म्हटलं असतं तर सत्कार झाला असता.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे महाराष्ट्रात.

ज्यांनी २००५ ते २०१२ चा काळ खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी काढलाय त्यांना भारनियमन समजावून सांगायला नको. मागणी आणि पुरवठा यांत हजारो मेगावॅटची तफावत होती, सगळ्यांना वीज पुरणार नव्हती. कोणाला तरी अंधारात बसवावं लागणार होतं, हे मी इंजिनिअर म्हणून मान्य करतो. प्रश्न होता कोणाला. महावितरणने त्याचा आराखडा केला आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तो मंजूर केला. तत्त्व असं: ज्या भागात वितरण आणि वसुलीची हानी कमी तिथे भारनियमन कमी, जिथे हानी जास्त तिथे जास्त. अ, ब, क, ड असे गट पडले, पुढे त्याला जी-१, जी-२, जी-३ अशी शेपटं लागली. आधी मोजमाप विभागवार होतं, नंतर फीडरवार झालं. मुंबई या सगळ्यातून वगळलेलीच होती. पुण्याने २००६ मध्ये जादा आकार भरून, कारखान्यांचे जनरेटर चालवून स्वतःपुरतं भारनियमन मिटवलं. त्यालाही आयोगाची मंजुरी होती. २०१२ च्या डिसेंबरात राज्य भारनियमनमुक्त झाल्याची घोषणा झाली, पण हानीचे फीडर सोडून! आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळसा आटला तेव्हा सगळ्यात आधी कोण बंद? जी-१, जी-२, जी-३.

म्हणजे शेजाऱ्याने आकडा टाकला की माझी लाईट जाणार. मी बिल वेळेवर भरलंय, मीटर सीलबंद आहे, पावत्या फाईलला लावल्यात. तरी जाणार, कारण माझं घर चुकीच्या फीडरवर आहे.

याची बाजू घेणारे खूप भेटतात, आणि सगळेच काही मूर्ख नाहीत. ते म्हणतात, चोरीच्या भागात वीज ओतून प्रामाणिक भागाला अंधारात का बसवायचं? शिवाय लोकांवर दबाव येतो, वसुली वाढते. ऐकायला रास्त वाटतं. पण दबाव त्याच्यावर टाकावा ज्याच्या हातात काही आहे. मी शेजाऱ्याच्या खांबावर चढून त्याचा आकडा काढू शकतो का? तो अधिकार २००३ च्या वीज कायद्याने कंपनीच्या आणि सरकारच्या अधिकाऱ्यांना दिलाय. घरात शिरून तपासणी, जप्ती, गुन्हा, सगळं त्यांच्या हातात. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने तो वापरायचा नाही, आणि शिक्षा मात्र ज्याच्याकडे काहीच नाही त्याला. ही गावाला सामुदायिक दंड करण्याची कंपनी सरकारची पद्धत झाली. (ईस्ट इंडिया कंपनी म्हणतोय मी. पण चालेल.)

बरं, हानीचा तो आकडा तरी काय असतो? त्यात चोरी असते, थकबाकी असते, आणि निव्वळ भौतिकशास्त्रही असतं. तार जितकी लांब आणि बारीक, तितकी वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. दहा वाड्या एका फीडरवर लोंबकळत असतील, डीपीवर झेपेल त्याच्या दीडपट भार असेल, तर तिथे सगळे गावकरी हरिश्चंद्राचे वंशज असले तरी हानी पुण्याच्या कोथरूडपेक्षा जास्तच दिसणार. थकबाकीत पाणीपुरवठा योजना आणि रस्त्यावरचे दिवे असतात, म्हणजे सरकारचीच एक खिडकी सरकारच्या दुसऱ्या खिडकीचे पैसे देत नाही. आणि लाखो शेतीपंपांना मीटरच नव्हते. त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरायचा. पंपांनी जास्त वीज खाल्ली असं धरलं की हानी कमी दिसते, कमी धरलं की वाढते. अशा रबरी पट्टीने मोजून कोणाच्या घरी किती तास अंधार हे ठरवलं जात होतं.

माझा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. जिथे वसुली कमी तिथे कमी वीज विकणं हा वितरण कंपनीचा धंद्याचा हिशोब आहे. कुठल्याही दुकानदाराचा असतो. पण दुकानदार त्याला न्याय म्हणत नाही. आयोगाच्या मंजुरीने या हिशोबाला न्यायाचे कपडे चढवले. नियामक असतो तो नेमका हे रोखायला.

इथे काय केलंय ते सांगतो. टंचाई आलीच तर आळीपाळीने वीज बंद करण्याचा ब्रिटनचा आराखडा आहे. तो ऑफजेमचा नव्हे, सरकारचा, राबवायचा कंपन्यांनी. सगळे ग्राहक १८ गटांत वाटलेत, प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर. वीज तीन-तीन तासांच्या पाळ्यांनी जाणार. टंचाई जितकी मोठी तितक्या आठवड्यात पाळ्या जास्त, पण सगळ्या अक्षरांना सारख्याच. मोठी रुग्णालयं वगैरे आधीच ठरवून वगळलेली. तुमचं अक्षर कुठलं हे पोस्टकोड टाकून बघता येतं. ते ठरतं तुमची तार कुठल्या सबस्टेशनातून येते त्यावर. तिथले लोक बिल भरतात का, याचा त्या अक्षराशी काडीचा संबंध नाही. १९७२ च्या फेब्रुवारीत कोळसा कामगारांच्या संपात लोकांनी अशा पाळ्या भोगल्यात. २०२२-२३ च्या हिवाळ्याआधीही तीन तासांच्या कपातीचा इशारा दिला गेला होता, वेळ आली नाही ही गोष्ट वेगळी.

साहेब काही संत नाही. बिल न भरणाऱ्याचं इथे काय होतं? त्याच्या घरी प्रीपेड मीटर बसतो. पैसे संपले की दिवा विझला, एकट्याचा. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटिश गॅसची माणसं आजारी, अपंग लोकांच्या घरात जबरदस्तीने घुसून असे मीटर बसवतात हे 'टाइम्स'ने छापलं, तेव्हा कुठे ऑफजेम जागं झालं आणि ती जबरदस्ती थांबवायला लावली. आर्वेनच्या वेळीही भरपाईला ७०० पौंडांची कमाल मर्यादा नियमातच होती, आरडाओरडा झाल्यावर ती उठवली. शेवटी कंपन्यांकडून १ कोटी ३ लाख पौंड वेगळे काढून घेतले. म्हणजे इथलेही नियम आधी चुकतात. फरक एवढाच की चुकलेला नियम कोणाचा आणि कुठल्या पानावर आहे हे सापडतं.

आणि आपल्या आयोगाला नुसतं झोडपायचं नाहीये मला. ८ सप्टेंबर २००६ चा त्याचा एक आदेश मी कोणालाही अभिमानाने दाखवीन. नवीन कनेक्शन घेताना ग्राहकाकडून काय काय वसूल करायचं ही आकारांची यादी महावितरणला आयोगाकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्या यादीतून आयोगाने सर्व्हिस लाईन चार्जेस आणि ओआरसी हे दोन्ही उडवले. खांब, तारा, डीपी हे कंपनीचं काम. त्याचा खर्च नवीन ग्राहकाच्या कोटेशनात घालायचा नाही, अपवाद फक्त त्याने स्वतःसाठी स्वतंत्र लाईन मागितली तर. आधीच्या, २००५ च्या नियमांत तर एक सोन्यासारखं कलम होतं: नियमांशी विसंगत असलेली कंपनीची कुठलीही अट, कुठलंही परिपत्रक अवैध.

मग पुढे? महावितरण अपिलात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, २००७ मध्ये परताव्याला स्थगिती मिळाली, आणि अपील फेटाळलं जायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडला. परताव्याचं परिपत्रक निघालं २०१७ च्या डिसेंबरात. अकरा वर्षं! तोवर ज्याने पैसे भरले त्याच्याकडे पावती शिल्लक असेल तर नशीब. कागद सांभाळून ठेवणारे कोण? कारखानदार. पिठाची गिरणी टाकलेला माणूस अकरा वर्षांपूर्वीचं कोटेशन कुठून काढणार? आणि कंपनीकडे तर सगळी नोंद होतीच, पैसे तिनेच घेतले होते.

मंजुरीत जिंकलेली लढाई वसुलीत अशी हरली जाते. भारनियमनात उलटं झालं, तिथे मंजुरीतच हरलो. कारण सुनावणीला गेलं कोण? पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना, काही उद्योगांचे वकील. हे लोक वर्षानुवर्षं जातात, फायली वाचतात, आकडे काढतात, म्हणून जे काही वाचलंय ते वाचलंय. बाकी आपण सगळे डीपी जळाल्यावर वायरमनला शिव्या देण्यात तरबेज. त्या बिचाऱ्याने आराखडा मंजूर केलेला नसतो.

२०२० च्या शेवटच्या दिवशी केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम काढले. ज्या गोष्टी दुरून मोजता येतात त्यांत कंपनी चुकली तर भरपाई आपोआप द्यायची, अर्ज न करता, असं त्यात आहे. फीडरवर वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे मीटर लावलेल्या फीडरवर दुरून मोजता येतं, त्यात शंका नाही. तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात टेंडर नोटिशींच्या शेजारी आयोगाच्या सुनावणीची बारीक टायपातली जाहिरात दिसली तर एक अर्ज करा, मराठीत. दोनच गोष्टी मागा. माझ्या फीडरची हानी किती, त्यात चोरी किती, थकबाकी किती आणि तारेत किती गेली, वेगवेगळं लिहून द्या. आणि गेल्या वर्षी माझ्या फीडरवर वीज किती तास नव्हती, त्यापैकी किती तासांची भरपाई कोणाच्या बिलात जमा झाली, तो तक्ता द्या.