रुळांपलीकडे जाणारा पादचारी कोणाचा?

परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा रस्तापूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वाहतुकीसाठी बंद झाला, तेव्हा पर्यायी मार्गांची यादी तत्परतेने जाहीर झाली. दादरचा टिळक पूल, करी रोडचा पूल, चिंचपोकळीचा पूल. ही यादी मोटारींची होती. मोटारीला एक-दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे थोडे इंधन आणि बरीचशी चिडचिड. पायी चालणाऱ्याला तोच वळसा अर्ध्या तासाचा पडतो. रुळांच्या पूर्वेला के.ई.एम., वाडिया आणि टाटा ही रुग्णालये आहेत. पश्चिमेला राहणाऱ्या आणि रोज ना उद्या या रुग्णालयांच्या पायऱ्या चढाव्या लागणाऱ्या माणसाला जुन्या पुलाचा पदपथ हा चढणीचा, पण बिनपायऱ्यांचा रस्ता होता. तो गेल्यावर त्याच्यासाठी उरले ते रेल्वेचे पादचारी पूल आणि त्यांचे जिने.

पूल जुना झाला होता, तो पाडणे आवश्यक होते, याविषयी फारसे दुमत नाही. त्या जागी दुमजली पूल व्हायचा आहे. वरून शिवडी-वरळी जोडरस्ता जाईल, खालून स्थानिक वाहतूक. जवळच्या इमारतींतील रहिवाशांनी पुनर्वसनासाठी आंदोलन केले, त्याची बातमी झाली. परंतु रोज रूळ ओलांडून पलीकडे जाणाऱ्या पादचाऱ्याचा प्रश्न हा कोणाचाच प्रश्न नसल्याप्रमाणे बाजूला राहिला. मुंबईत हे प्रथमच घडत नाही, म्हणून त्याची मुळे तपासणे अगत्याचे आहे.

सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळचा हँकॉक पूल आठवावा. १८७९ सालचा हा पूल डोंगरी-नूरबागचा परिसर आणि माझगाव यांना जोडत असे. मध्य रेल्वेने विजेचा दाब १,५०० व्होल्टवरून २५ हजार व्होल्टवर नेला, तेव्हा वरच्या तारांसाठी या पुलाखालची उंची अपुरी ठरली आणि जानेवारी २०१६ मध्ये विशेष ब्लॉक घेऊन तो पाडण्यात आला. पाडण्याचे काम एका रात्रीत आणि अर्ध्या दिवसात उरकले. नव्या पुलाचा पहिला भाग सुरू व्हायला मात्र २०२२ साल उजाडले. या साडेसहा वर्षांत शाळेची मुले, बाजाराला निघालेल्या बाया, नमाजाला वा कामाला निघालेली माणसे यांनी काय करावे अशी अपेक्षा होती? त्यांनी तेच केले, जे मुंबईत कोणीही करील. ती रुळांवरून गेली. अपघात झाले, माणसे दगावली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तात्पुरता पादचारी पूल लष्कराला उभारता येईल काय, अशी विचारणा न्यायालयाला करावी लागली. महापालिका आणि रेल्वे यांच्यात मात्र जागा कोणाची, आराखडा कोणाचा आणि खर्च कोणाचा, याच फेऱ्या चालू राहिल्या.

न्यायालयाच्या या विचारणेला एक वर्ष उलटले आणि २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस कोसळत असताना, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण प्राणांस मुकले. नव्या पुलाची मंजुरी आधीच होती. पूल मात्र नव्हता. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने ठपका पावसावर ठेवला. (मुंबईत सप्टेंबरमध्ये पाऊस पडतो, ही गोष्ट रेल्वेला तोवर ठाऊक नसावी.) त्यानंतर मात्र सारे काही वेगाने झाले. ३१ ऑक्टोबरला लष्कराच्या पुलाची घोषणा झाली आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली असे तीन पूल जनतेसाठी खुले झाले. चार महिने! म्हणजे रुळांवरून माणसांना पलीकडे नेणारा पूल चार महिन्यांत बांधता येतो, हे सरकारनेच सिद्ध करून दाखवले. तांत्रिक अडचणींच्या ज्या कथा वर्षानुवर्षे ऐकवल्या जातात, त्या या चार महिन्यांच्या उजेडात पुन्हा वाचून पाहाव्यात.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट उघडकीस आली, ती पुलाइतकीच बोलकी होती. तोवर पादचारी पूल हा रेल्वेच्या लेखी ‘प्रवासी सुविधा’ होता. बाकडी, पंखे आणि पाणपोई यांच्या पंक्तीत बसणारा. दुर्घटनेनंतर रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी तो अनिवार्य बाब म्हणून गणला जाईल, असे जाहीर केले. हिशेबाचे शीर्षक बदलल्याने निधीचा मार्ग मोकळा झाला खरा. पण तो स्थानकाच्या आतल्या, म्हणजे तिकीट काढलेल्या माणसासाठी. ज्याला गाडीत बसायचेच नाही, फक्त पलीकडे जायचे आहे, तो या शीर्षकातही बसत नाही.

तो कायद्यातही नीट बसत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ चे १६ वे कलम सांगते की, रेल्वेमार्गामुळे लोकांच्या जमिनीच्या वापरात जी खीळ पडेल, ती भरून काढण्यासाठी सोयीची फाटके, पूल व वाटा रेल्वेने कराव्यात. ऐकायला हे न्याय्य वाटते. मात्र त्याच कलमात एक मर्यादा आहे. मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटली की जमिनीचे मालक वा भोगवटादार यांच्यासाठी अशा वाढीव कामांचा खर्च करण्याची सक्ती रेल्वेवर करता येत नाही. १८९० च्या ब्रिटिश कायद्यातूनच ही तरतूद आली आहे. त्या काळी रूळ शेतांतून जात. दहा वर्षांत शेतकऱ्याला आपली गरज कळून चुकेल, हा त्यामागचा तर्क. बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या, चाळींच्या जागी बुरूज आले. दहा वर्षांची ती मुदत मात्र १८६३ नंतरच्या या साऱ्या शहराला लागू आहे. पुढच्या, १७ व्या कलमानुसार राज्य सरकार वा स्थानिक संस्था रुळांवरून सार्वजनिक रस्ता नेण्याची मागणी केव्हाही करू शकते; फक्त पैसे मागणाऱ्याने भरायचे.

महापालिकेच्या कामकाजात या व्यवहाराला ‘डिपॉझिट वर्क’ म्हणतात. पालिका पैसे रेल्वेकडे जमा करते, रेल्वे आपल्या हद्दीतला भाग बांधते, आणि दोन्ही बाजूंचे पोहोचमार्ग पालिकेने बांधायचे. कागदावर ही विभागणी चोख आहे. प्रत्यक्षात पोहोचमार्गाच्या तोंडाशी इमारती असतात, दुकाने असतात, झोपड्या असतात, आणि त्यांचे पुनर्वसन ही तिसऱ्याच खात्याची जबाबदारी असते. रेल्वेचा गाळा अधांतरी तयार होतो, जिना मात्र जमिनीवर उतरत नाही. हँकॉक पुलाच्या बाबतीत हेच घडले.

बरे, पूल झाला तरी तो सांभाळायचा कोणी? ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. कोसळला तो पदपथाचा भाग, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दोघांचा मृत्यू झाला आणि देखभाल कोणाची, यावर रेल्वे व महापालिका यांच्यात जाहीर वाद रंगला. आयआयटी मुंबईच्या मदतीने ४४५ पुलांची पाहणी करण्याची घोषणा झाली. त्यानंतर आठ महिने उलटले आणि १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल पडला. सात जणांचा बळी गेला. पूल आमचा नव्हे, पालिकेचा, असे रेल्वेने सांगितले आणि ते खरेही होते. पालिकेने नेमलेल्या संरचना तपासनिसाने हाच पूल किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा ठरवला होता. स्थानकातून बाहेर पडणारा आणि रस्ता ओलांडणारा माणूस एकच असतो. त्याच्या पायांखालच्या मालकीची हद्द मात्र प्रत्येक वीस पावलांनी बदलते. नवा हिमालय पूल मार्च २०२३ मध्ये खुला झाला.

पूल बांधायचा की नाही, हे ठरवण्याची रेल्वेची जी मोजपट्टी आहे, तिच्याकडेही नागरिकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. फाटकाच्या जागी उड्डाणपूल बांधून त्याचा खर्च राज्याशी निम्मा वाटून घ्यायचा, तर तेथून दिवसाला जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि वाहनांची संख्या यांचा गुणाकार केला जातो आणि तो एक लाखाच्या वर जावा लागतो. या गणितात मोटारीला एक एकक मिळते. बैलगाडीलाही एक मिळते, रिक्षाला अर्धे. पायी चालणाऱ्याला एकही नाही. एखाद्या फाटकावरून रोज वीस हजार माणसे चालत जात असली, तरी या गुणाकारात त्यांची बेरीज शून्यच. दिव्यासारख्या ठिकाणी रुळांच्या दोन्ही बाजूंना दाट वस्ती वाढली, तेथील फाटक उघडे राहिले की लोकल खोळंबते आणि बंद राहिले की वस्ती खोळंबते. पर्यायी उड्डाणपुलाचे काम जमिनीच्या वादात वर्षानुवर्षे रखडले.

मोजदाद होते ती फक्त मृतांची. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात देशभरात बेकायदा रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यांतील सुमारे सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर मरतात, असे नमूद केले होते. समितीने यासाठी वापरलेला शब्द अपघात हा नव्हता, तर हत्याकांड या अर्थाचा होता. पुढे उपाय झाले. कुंपणे आली, सरकते जिने आले, मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात रूळ ओलांडण्यास आळा घालण्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली. वडाळ्याजवळ तर रुळांखालचे स्लीपर पिवळे रंगवून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज लोकांना यावा, असाही प्रयोग झाला आणि त्याचा उपयोग दिसून आला. तरीही उपनगरी मार्गांवरील एकूण मृत्यू २०२४ मध्येही दोन हजारांच्या वर होते आणि त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

यावर ठरलेले उत्तर असे की, लोकांनाच शिस्त नाही. पूल असूनही ते रुळांवरून जातात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. कानाला मोबाइल लावून रूळ ओलांडणारा तरुण कोणत्याही पुलाने सुधारणारा नाही आणि अधिनियमाचे १४७ वे कलम त्याच्यासाठी आहेच. पण जिन्याचे काय? विजेच्या तारांच्या वरून जायचे म्हणजे पूल दोन मजल्यांहून कमी उंचीचा होऊ शकत नाही. चाळीस-पन्नास पायऱ्या चढायच्या, तितक्याच उतरायच्या. गुडघे दुखणारी आजी, डोक्यावर पाटी असलेली कोळीण, पाठीवर ओझे घेतलेला हमाल यांना पूल आहे असे म्हणणे आणि नाही असे म्हणणे यांत व्यवहारात फारसा भेद उरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. त्यात अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक वास्तू नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन आहे. नियम २०१७ चे आहेत. ही मुदत कधीच सरली. भुयारी मार्गांचा पर्याय सुचवला जातो, परंतु मिलन आणि अंधेरी येथील भुयारी मार्गांत जुलैमध्ये काय होते, हे मुंबईकरांना सांगायला नको.

या सगळ्यात नगरसेवकाचे स्थान काय, हा प्रश्न आता पुन्हा विचारता येतो. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. शीवचा रस्तापूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, परळचा सप्टेंबर २०२५ मध्ये. दोन्ही निर्णयांच्या वेळी सभागृहात हरकतीचा मुद्दा मांडायला कोणीही नव्हते. स्थायी समिती नव्हती, प्रभाग समित्या नव्हत्या. रहिवाशांनी निवेदने दिली ती अधिकाऱ्यांना, आणि अधिकाऱ्याने निवेदन स्वीकारणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने २२७ नगरसेवक परत आले आहेत. त्यांना रेल्वेला आदेश देता येत नाही, हे खरेच. परंतु पैशाची चावी त्यांच्याकडे आहे. रेल्वेकडे भरावयाची प्रत्येक रक्कम स्थायी समितीसमोर येते. पादचाऱ्यांचा तात्पुरता मार्ग, तोही उतार किंवा चालू उद्वाहनासह, आधी तयार झाल्याविना जुन्या पुलाला हात लावू नये, अशी अट त्या मंजुरीला जोडण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही.

शीव आणि परळ येथे ही वेळ निघून गेली आहे. तिथे विचारायचे ते वेगळे. परळच्या दुमजली पुलाच्या खालच्या मजल्यावर पदपथ दोन्ही बाजूंना असेल काय, किती रुंद असेल, तो के.ई.एम.च्या दिशेला बिनपायऱ्यांचा उतरेल की रेल्वेच्या जिन्यालाच जोडून दिला जाईल, आणि त्याची देखभाल कोणत्या खात्याच्या नावावर असेल, याचे लेखी उत्तर परळ आणि प्रभादेवीच्या नगरसेवकांनी तुळया चढवण्यापूर्वी मागून घ्यायला हवे.