बाटली राहिली, बाई गेली

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात एक निवेदन फिरत होतं. नाक्यावरच्या ऑर्केस्ट्रा बारमुळे, तिथल्या बायकांमुळे गुन्हे वाढलेत, सबब बार बंद करावा. खाली चाळीसेक सह्या. कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी सही केली नाही. त्यावरून जो वाद झाला तो मैत्रिणींनो, तुमच्याही मंडळात होईल, म्हणून लिहिते.

बायकांची तक्रार खोटी नाही. रात्री कामावरून येणाऱ्या मुलींना नाक्यावरची टोळकी चुकवतच घर गाठावं लागतं. पण छेड काढतं कोण? बाहेर उभे असलेले पुरुष. आणि निवेदनात नाव आत गाणारीचं!

ऑगस्ट 2005 मध्ये मुंबई पोलीस कायद्यात 33 अ आणि 33 ब ही कलमं घालून राज्य सरकारने डान्सबार बंद केले, तेव्हाही हीच भाषा होती. बार म्हणजे गुन्हेगारांचे अड्डे, तरुण पिढी बरबाद होते. आणि बंद काय झालं? दारू चालू राहिली, परमिट रूम चालू राहिल्या. थांबला तो बाईचा नाच, आणि तोही तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांत नाही, सभासदांच्या जिमखान्यांत नाही. तिथे म्हणे नाच पाहून कुणी बिघडत नाही. आपल्या चळवळीतही तेव्हा दोन तट पडले होते, हे विसरून चालणार नाही.

उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. रोजगार गेलेल्या कित्येक बायका देहविक्रयाकडे ढकलल्या गेल्या, याचीही सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. सरकारने 2014 मध्ये पुन्हा बंदी आणली, 2016 मध्ये जाचक अटींचा नवा कायदा केला. त्यातल्या बऱ्याच अटी 2019 मध्ये रद्द झाल्या. ऑर्केस्ट्रात किती बायका गाणार यावरची मर्यादाही 2022 मध्ये गेली. म्हणजे आमच्या नाक्यावर गाणारी बाई काही बेकायदा नाही.

मग गुन्ह्यांचा आकडा? तो पोलिसांच्या वहीतला. धाड पडली, अश्लील वर्तनाचं कलम लावलं, की एक गुन्हा नोंदला. जितक्या धाडी तितके गुन्हे, आणि मग त्याच गुन्ह्यांवरून आणखी धाडी! समोरच्या चाळीत रोज बायकोला मारणारा नवरा त्या वहीत नाही, कारण ती तक्रार करत नाही. आणि घरी जाताना बारमधल्या मुलीवर कुणी हात टाकला तर ती चौकीत जाईल का? तिलाच विचारतील, एवढ्या रात्री कुठून आलीस. तिच्यावर झालेला गुन्हा कुठेच मोजला जात नाही.

एक ज्येष्ठ मैत्रीण चिडून म्हणाली, "मग आडव्या बाटलीसाठी आपण दारोदार फिरलो, ते काय होतं?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की तेव्हा आपण दुकान बंद करा म्हणत होतो. दारूच्या त्रासासाठी हा बार बंद करायचा असेल तर शेजारच्या दोन परमिट रूमही निवेदनात घाला, मी पहिली सही करते. त्यावर कुणी बोललं नाही. त्यातली एक परमिट रूम आमच्या गणपतीला मोठी वर्गणी देते.

शेवटी निवेदन नव्याने लिहिलं. नाक्यावर दिवे, रात्री गस्त, चौकीत महिला पोलीस, आणि बारमधल्या बायकांची तक्रार आली तर ती नोंदवून घ्यावी. सह्या एकोणीसच झाल्या. तिथे गाणाऱ्या एका मुलीने आपल्यालाही सही करायची आहे असा निरोप पाठवलाय. मंडळातल्या चौघींचा त्याला विरोध आहे. येत्या रविवारची बैठक त्यावरच आहे.