गेरूची थोरवी

सणासुदीस तुळशीवृंदावनाला गेरूचा हात देताना आपण केवढी पुरातन वस्तू हाताळीत आहोत, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांची भिस्त याच मातीवर होती.

तेथील खडकावर प्रथम भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा दिला गेला, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात खललेले रंग. तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा आणि काळा काजळीचा. निळा तेवढा परमुलखातला. पाचव्या शतकातील चित्रांत शोभणारा लाजवर्द थेट बदख्शानच्या खाणींतून यावयाचा.

गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा होय. प्राणवायूशी त्याचा संयोग मुळातच झालेला असल्याने ऊन-वाऱ्याने तो सहसा विटत नाही. पिवळ्या मातीतही लोहच असते, परंतु पाण्याशी संयुक्त. ती भाजली की पाणी निघून जाते व माती तांबडी होते.

असे हे रंग सुमारे दीड हजार वर्षे टिकले. त्यांना अपाय झाला तो पाण्यापासून, कीटकांपासून, तसाच हितचिंतकांपासूनही. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश फासले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने पाचारण केलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे पक्के केले, हे त्यांचे उपकारच. परंतु त्यांनी दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला आणि मूळ रंग त्याखाली झाकोळले. तो उतरविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले.

जाणत्यांच्या हातून जर असे घडते, तर आपण किती जपावे! जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या देवळांतील व वाड्यांतील मातीच्या रंगांची चित्रे खरवडून तेथे तैलरंग चढविला जातो. हेतू भक्तीचा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु एकदा खरवडलेली भिंत परत मिळत नाही. म्हणून आमच्या वाचकांपैकी जे अशा देवस्थानांचे पंच वा विश्वस्त असतील, त्यांना आमची विनंती आहे : रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी भिंतीचे छायाचित्र घ्यावे, पुरातत्त्व खात्याला एक पत्र लिहावे, आणि उत्तर येईपर्यंत ब्रश बाजूला ठेवावा.