रोगाची रेषा आणि व्यापाराची रेषा

जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकी गोमांसावरील उरलेसुरले निर्बंध उठविल्याचे जाहीर केले. वॉशिंग्टनमध्ये हा व्यापारी विजय म्हणून मिरविण्यात आला. कॅनबेरातील मंत्र्यांनी मात्र ती केवळ शास्त्रीय छाननीची फलश्रुती असल्याचे सांगितले. मूळ निर्बंध २००३ सालचे. त्यांतील शेवटचा अडसर अमेरिकेत जन्मलेल्या गुरांविषयी नव्हताच. कॅनडात वा मेक्सिकोत जन्मून अमेरिकेत कापल्या गेलेल्या गुरांच्या मांसाविषयी तो होता. जनावर कोठे जन्मले आणि कोठे कापले गेले, यावरून बावीस वर्षे वाद चालावा, ही गोष्ट पशुवैद्यकापेक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक बोलकी वाटेल.

'मॅड काऊ' या नावाने कुप्रसिद्ध झालेला हा रोग लाळ्या-खुरकुताप्रमाणे एका जनावराकडून शेजारच्या जनावराला होत नाही. मेलेल्या गुरांच्या मांसाची व हाडांची भुकटी खुराकात मिसळून ती पुन्हा गुरांनाच चारण्याच्या, नफ्यासाठी रूढ झालेल्या प्रथेतून तो पसरला. ब्रिटनमध्ये तो १९८६ मध्ये ओळखला गेला. मार्च १९९६ मध्ये माणसांच्या मेंदूविकाराशी त्याचा संबंध असण्याची शक्यता सरकारने मान्य केली. त्या विकाराने पुढे ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हा भीती खोटी होती असे कोणी म्हणू नये. परंतु रोगाची दोन लक्षणे ध्यानात ठेवली पाहिजेत. एक, विषाचा साठा मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूत असतो. दोन, रोग वर्षानुवर्षे सुप्त राहत असल्याने कोवळ्या जनावरांत तो क्वचितच आढळतो. तीस महिन्यांच्या वयाची जी मर्यादा जगभरच्या नियमांत आढळते, ती या दुसऱ्या लक्षणावरून आली आहे.

आता २० मे २००३ ची घटना पाहू. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील एका गाईला हा रोग असल्याचे त्या दिवशी जाहीर झाले आणि अमेरिकेने तत्काळ सीमा बंद केली. अज्ञानाच्या अवस्थेत दार लावून घेणे हे शहाणपणाचेच होते. खरा प्रश्न दार उघडताना उपस्थित झाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने तीस महिन्यांखालील गुरांचे, हाडे काढून पेट्यांत भरलेले मांस घेण्यास अनुमती दिली. त्याच वयाचे जिवंत जनावर मात्र जुलै २००५ पर्यंत सीमा ओलांडू शकले नाही. म्हणजे एकच बैल अल्बर्टात कापला तर त्याचे मांस निर्धोक, आणि चार पायांवर चालत आला तर तो धोकादायक! रोग संसर्गजन्य नसताना ही रेषा रोगाच्या स्वरूपावरून पुरती काढता येत नाही.

या रेषेचा परिणाम कोणावर कसा झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅनडाची जिवंत गुरांची निर्यात जवळजवळ सर्वस्वी अमेरिकेकडे होत असे. ती थांबताच सारी गुरे देशातील मोजक्या कत्तलखान्यांच्या दारात उभी राहिली. अल्बर्टातील कत्तलीचा फार मोठा भाग कारगिल आणि टायसन या दोन अमेरिकी कंपन्यांच्या कारखान्यांतून होत होता. गुरे विकायला येणारे हजारो, विकत घेणारे दोघेतिघे, आणि तयार मालाला दक्षिणेकडे मोकळी वाट! पाठ्यपुस्तकात 'ग्राहक-मक्तेदारी'चे इतके चोख उदाहरण सहसा सापडत नाही. गुरांचे भाव कोसळले, म्हाताऱ्या गाई तर कवडीमोल झाल्या. दुकानातील मांसाचा भाव त्या प्रमाणात उतरला नाही. मधला फरक कोठे गेला, याची चौकशी कॅनडात झाली. अल्बर्टाच्या महालेखापरीक्षकांना २००४ मध्ये मांसकंपन्यांच्या नफ्यात मोठी वाढ झाल्याचे आढळले. सरकारने पशुपालकांना दिलेल्या मदतीचा काही अंशही अशा बाजारात कंपन्यांच्या पदरी पडणे ओघानेच आले.

तथापि कंपन्यांनीच सीमा बंद ठेवविली, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावळेपणाचा ठरेल. अमेरिकेतील त्यांच्याच कारखान्यांना गुरांची टंचाई जाणवत होती आणि सीमा उघडावी अशी त्यांची मागणी होती. विरोध आला तो अमेरिकेतील लहानमोठ्या पशुपालकांकडून. कृषिखात्याने जानेवारी २००५ मध्ये कोवळी गुरे घेण्याचा नियम काढला. 'आर-काफ' ही मोंटाना राज्यातील पशुपालकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि २ मार्च रोजी बिलिंग्ज येथील न्यायाधीशांनी स्थगिती दिली. एकदा आलेले जनावर कळपात मिसळले की वेगळे काढता येत नाही, खुराकावरील बंदी कितपत पाळली जाते याची शाश्वती नाही, ग्राहकांचा विश्वास गेला तर देशी गुरांचाही भाव जाईल, हे संघटनेचे युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हते. पण टंचाईमुळे देशी गुरांना त्या काळात उत्तम भाव मिळत होता, हेही तितकेच खरे. जूनमध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या गाईलाच हा रोग असल्याचे निष्पन्न झाले. जुलैत वरिष्ठ न्यायालयाने स्थगिती उठविली.

दरम्यान अमेरिकेवरच पाळी आली होती. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एक रोगी गाय आढळली. ती अल्बर्टातून आणलेली होती, तरी जपान व दक्षिण कोरिया यांनी अमेरिकी गोमांस थांबविले. कॅनडापुढे सावधगिरीचा जप करणारे टोकियोपुढे शास्त्राचे दाखले देऊ लागले. जपान २००१ पासून कापल्या जाणाऱ्या प्रत्येक गुराची तपासणी करीत होता. तेव्हा कॅन्सस राज्यातील क्रीकस्टोन या कंपनीने स्वखर्चाने आपले प्रत्येक जनावर तपासण्याची तयारी दाखविली. कृषिखात्याने तिला परवानगी नाकारली आणि त्यासाठी १९१३ सालच्या एका कायद्याचा आधार घेतला! कोवळ्या जनावरात चाचणीला काही सापडत नाही, त्यामुळे ग्राहकाला खोटे आश्वासन मिळेल, हे खात्याचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबरच होते. परंतु एकाने तपासणी केली तर इतरांनाही ती करावी लागेल आणि खर्च वाढेल, ही बड्या कंपन्यांची धास्तीही लपून राहिली नव्हती. क्रीकस्टोन खालच्या न्यायालयात २००७ मध्ये जिंकली, वरच्या न्यायालयात २००८ मध्ये हरली.

अशा तंट्यांत पंचाचे काम करणारी मानके पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेत ठरतात. (१९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली, त्या धक्क्यातून ही संस्था १९२४ मध्ये स्थापन झाली.) जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारानुसार या मानकांहून कडक नियम करायचा, तर त्याला धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापन जोडावे लागते. हे योग्यच आहे. पण मूल्यमापन धोका किती हे सांगते. नियमाचा भार कोणी वाहावा, याविषयी ते मौन पाळते.

रोगाची आणि व्यापाराची रेषा जुळते तेव्हाही हा भार चुकत नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये 'स्क्रूवर्म' माशीचा प्रादुर्भाव आढळला. ही माशी जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. अमेरिकेने तिचे उच्चाटन नपुंसक केलेले नर सोडून १९६६ मध्ये केले होते. तेव्हा जिवंत गुरे अडविणे आणि मांस येऊ देणे, हा भेद येथे सर्वस्वी सयुक्तिक होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलेली सीमा मे महिन्यात पुन्हा बंद झाली. जुलैत एक नाके उघडले, ते दोन दिवसांत बंद झाले. त्या वर्षारंभी अमेरिकेतील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाख, म्हणजे १९५१ नंतरची सर्वांत कमी होती. साहजिकच तेथील पशुपालकांना विक्रमी भाव मिळाले, आणि चियापासपासून शेकडो मैल दूर, सोनोरा व चिवावा राज्यांत अमेरिकेसाठी वासरे वाढविणाऱ्यांची बाजारपेठ बुडाली.

हे नुकसान कोणाकडे मागावे? शंभराहून अधिक कॅनडियन पशुपालकांनी २००३ च्या बंदीबद्दल अमेरिकेकडे नाफ्टा कराराखाली भरपाई मागून पाहिली होती. लवादाने जानेवारी २००८ मध्ये त्यांची मागणी फेटाळली. बंदी योग्य होती की अयोग्य, या मुद्द्यापर्यंत प्रकरण गेलेच नाही. अर्जदारांची गुंतवणूक अमेरिकेत नसून कॅनडात आहे, सबब आपणांस अधिकार नाही, असे लवादाने ठरविले.