विश्लेषण : शोधनिबंधांच्या आकड्यांवरून रसायनशास्त्रज्ञ मोजता येतो का?

‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी दरवर्षी जाहीर होते आणि विद्यापीठांकडून अभिनंदनाची प्रसिद्धिपत्रके निघू लागतात. अमुक प्राध्यापकांचे इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, एवढा एच-इंडेक्स... याच आकड्यांचा विचार नेमणुका, पदोन्नती आणि संशोधन निधी देताना होतो. पण हे आकडे नेमके काय सांगतात? सेंद्रिय रसायनशास्त्राचे उदाहरण यासाठी बोलके आहे.

एच-इंडेक्स म्हणजे काय?

एखाद्या शोधनिबंधाचा आधार दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात नोंदवला, की पहिल्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये त्यावरून एच-इंडेक्स सुचवला. एच-इंडेक्स ३० असणे म्हणजे त्या संशोधकाच्या किमान ३० निबंधांना प्रत्येकी किमान ३० सायटेशन्स मिळालेली असणे. त्यामुळे कोणी वाचत नसलेले दोनशे निबंध लिहून हा आकडा वाढत नाही. मात्र एकाच निबंधाला दहा हजार सायटेशन्स मिळाली, तरी एच-इंडेक्समध्ये त्याची भर एकाचीच!

दोन टक्क्यांची यादी कशी तयार होते?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या माहितीसाठ्यावरून ही यादी तयार करतात. हा पुरस्कार नाही. एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या, लेखकांच्या क्रमातील स्थान अशा बाबी टिपणाऱ्या सहा निकषांवरून गुणांक काढला जातो. संपूर्ण कारकीर्दीची आणि केवळ एका वर्षाची अशा दोन याद्या असतात. त्यामुळे प्रसिद्धिपत्रकात नाव कोणत्या यादीतले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. सेंद्रिय रसायनशास्त्र हा यात स्वतंत्र उपविषय असल्याने तुलना त्याच क्षेत्रातील संशोधकांशी होऊ शकते.

विषयानुसार तुलना का महत्त्वाची?

रॉबर्ट वुडवर्ड आणि अल्बर्ट एशेनमोझर यांच्या गटांना ‘बी-१२’ जीवनसत्त्वाचा रेणू प्रयोगशाळेत घडवायला दशकाहून अधिक काळ लागला. अशा कामातून निबंध कमी निघतात. याउलट, इतरांना रोज वापरता येईल अशी अभिक्रिया सापडली, तर सायटेशन्सचा ओघ सुरू होतो. बॅरी शार्पलेस यांनी दोन सहकाऱ्यांसह २००१ मध्ये ‘क्लिक केमिस्ट्री’ची कल्पना मांडली. त्या एका निबंधाला दहा हजारांहून अधिक सायटेशन्स मिळाली आहेत. शार्पलेस यांना २००१ आणि २०२२ असे दोनदा नोबेल मिळाले. अर्थात, हे काम किती उपयोगाचे आहे, हे त्या क्षेत्रातील रसायनशास्त्रज्ञांना आकडा फुगण्याआधीच उमगले होते.

आकड्यांतून काय निसटते?

डील्स-आल्डर अभिक्रिया १९२८ मधली. आज ती पदवीच्या पाठ्यपुस्तकात आहे. ती वापरणारे बहुतेक जण मूळ निबंधाचा उल्लेखही करत नाहीत. ज्ञान सर्वांचे झाले, की सायटेशन थांबते. उद्योगातील उपयोगाचेही तसेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले आणि पुढे हैदराबादच्या ‘आयआयसीटी’चे संचालक झालेले डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या पुढाकाराने एचआयव्हीवरील ‘एझेडटी’ या औषधाची स्वस्त निर्मितीप्रक्रिया विकसित झाली. ‘सिप्ला’ने हे औषध भारतात कमी किमतीत आणले. ते रुग्णापर्यंत पोहोचले, याची नोंद कोणत्याही एच-इंडेक्समध्ये होत नाही.

आकडे फुगवता येतात का?

येतात. स्वतःच्याच निबंधांचे दाखले देणे, परस्परांचे दाखले देणारे गट करणे, असे प्रकार जगभर आढळले आहेत. ‘क्लॅरिव्हेट’ने २०२३ च्या सर्वाधिक सायटेशन्सच्या यादीतून एक हजाराहून अधिक नावे अशा संशयामुळे वगळली. भारतातही ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत २०२५ पासून मागे घ्याव्या लागलेल्या निबंधांसाठी गुण कापले जाऊ लागले आहेत.

मग पाहायचे काय?

आकडे टाकाऊ नाहीत. ते प्रश्न विचारायला उपयोगी पडतात. स्वतःचे दाखले वगळल्यावर किती सायटेशन्स उरतात? ज्या निबंधांना ती मिळाली, त्यात संशोधकाचा वाटा किती? त्याची अभिक्रिया दुसऱ्या प्रयोगशाळेत तितकाच उतारा देते का? नियतकालिकाच्या नावावरून नव्हे, तर कामाच्या गुणवत्तेवरून मूल्यमापन करा, असे सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेला ‘डोरा’ जाहीरनामा सांगतो. पण निबंध वाचून निर्णय घ्यायला वेळ आणि जाणकार लागतात. निवड समित्यांना आकडा सोयीचा वाटतो तो त्यामुळेच. या सोयीची किंमत मात्र मोजके, पण चोख काम करणाऱ्या तरुण संशोधकाला मोजावी लागते.