आतां पाळी कवीची, पण कोणत्या कवीची?



शिंदखेड्याच्या बाजारांत कपाशीला काय भाव फुटला, हें जो तो विचारतो. पुढील साहित्य संमेलनाच्या गादीवर कोण बसणार, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. तो विद्वानांचा मामला, आपल्याला काय त्याचें, अशी आपल्या लोकांची समजूत. ती घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पूर्वीं संस्थानांत राजकवि असत. ग्वाल्हेरीस भास्कर रामचंद्र तांबे, बडोद्यास चंद्रशेखर व त्यांच्या मागून यशवंत, हे दरबारचे कवि होते. संस्थानें गेलीं आणि दरबारही गेले. विलायतेंत ती जागा अजून आहे. पूर्वीं ती तहहयात असे, १९९९ पासून दहा वर्षांची झाली. आपल्याकडे त्या मानाच्या जवळचें आसन म्हणजे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद. जानेवारी २०२६ मधलें साताऱ्याचें संमेलन ९९ वें होतें. म्हणजे त्याच्या पुढचें शंभरावें. तो मान कोणाला?

मागील हिशेब पाहूं. पूर्वीं हजाराच्या आसपास मतदार मतें देऊन अध्यक्ष निवडीत. २०१८ सालीं महामंडळानें घटना बदलली. संस्थांनीं नांवें सुचवावीं व बैठकींत एक नांव ठरावें, अशी रीत पडली. या रीतीनें प्रथम आल्या अरुणा ढेरे, यवतमाळ, २०१९. त्या कवयित्री. त्यांच्यानंतर फ्रान्सिस दिब्रिटो, जयंत नारळीकर, भारत सासणे, नरेंद्र चपळगांवकर, रवींद्र शोभणे, तारा भवाळकर आणि विश्वास पाटील, असे सात अध्यक्ष झाले. धर्मगुरु, शास्त्रज्ञ, कथाकार, न्यायाधीश, कादंबरीकार, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि पुन्हां कादंबरीकार! मुख्यत्वें कवि म्हणून ओळखला जाणारा त्यांत एकही नाहीं. तेव्हां आतां पाळी कवीची आहे, असा आमचा अंदाज आहे.

पण कोणत्या कवीची? येथें खानदेशचा अनुभव बोलतो. पळसखेड्याचे ना. धों. महानोर स्वतः शेती करीत आणि शेतीचीच कविता लिहीत. ऑगस्ट २०२३ मध्यें ते गेले. सहा महिन्यांनीं जळगांव जिल्ह्यांत, अमळनेरला, ९७ वें संमेलन भरलें. महानोर मात्र त्या आसनावर कधींच बसले नाहींत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना तर लिहितांवाचतांही येत नव्हतें. १९५१ सालीं त्या वारल्या आणि १९५२ सालीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं. आज विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. पण त्या जिवंत असतांना त्यांचें नांव कोणत्या संस्थेनें सुचविलें असतें?

१८८५ सालीं ग्रंथकार सभेचें बोलावणें आलें, तेव्हां महात्मा फुले यांनीं पत्र लिहून नकार कळविला. जेथें शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाहीं, त्या सभेशीं आमचा मेळ बसत नाहीं, असा त्या पत्राचा मतलब होता. तेव्हांपासून कांहींच बदललें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९८४ सालीं जळगांवला शंकरराव खरात अध्यक्ष झाले, १९९५ सालीं परभणीला गिरणगांवचे कवि नारायण सुर्वे झाले. पण या दोन नांवांवर किती वर्षें समाधान मानावयाचें?

म्हणून आमचें मागणें असें: कवि निवडतांना पुस्तकांची चळत मोजूं नये, त्याची ओळ शेताच्या बांधापर्यंत पोंचते कीं नाहीं, हें पाहावें. अहिराणींत लिहिणाऱ्याला पायरीखालीं उभें करूं नये.

आणि एक मागणें तुमच्याकडेही आहे. बहिणाबाईंचीं गाणीं वांचलीं, कारण घरांत तीं कागदावर उतरविणारे हात होते. मुलगा सोपानदेव स्वतः कवि होता. तुमच्या घरीं म्हातारी आई, आत्या, मावशी असेल. तिच्या जात्यावरच्या ओव्या जात्याबरोबरच अडगळींत चालल्या आहेत. पोर शाळेंत जातें ना? त्याच्या हातीं वही द्या, त्याला तिच्याजवळ बसवा, आणि ती म्हणेल तें तिच्याच बोलींत, एक अक्षर न सुधारतां, लिहवून घ्या. कागदावर नांवच नसेल, तर कोणती सभा तें पुकारणार?